आधी कुला, मग कमळ: आदिवासी भाषा वर्गात आणि फोनवर रुजवण्याची पायरी-पायरीने वाट

मेळघाटातल्या माझ्या पहिल्या वर्गात मुळाक्षरांचा तक्ता टांगलेला होता. अ अननसाचा, क कमळाचा. पहिलीतल्या एकाही पोराने अननस पाहिलेलं नव्हतं. मी कमळावर बोट ठेवून विचारलं, "हे काय?" सगळे गप्प. मागच्या रांगेत एका मुलीने बहिणीच्या कानात काहीतरी सांगितलं, पण ते कोरकूत, म्हणजे तिथल्या कोरकू आदिवासींच्या भाषेत, होतं. त्या खोलीत कोरकू न येणारा मी एकटाच होतो आणि शिकवायला उभाही मीच होतो.

नंतर गावातल्या एका आजोबांकडून 'कुला' हा शब्द मिळाला. कुला म्हणजे वाघ. दुसऱ्या दिवशी फळ्यावर 'क' लिहिला, शेजारी खडूने जमेल तसा वाघ काढला आणि म्हटलं, "क कुलाचा." वर्ग एकदम बोलायला लागला. कुणाच्या काकाने कुला कुठे पाहिला, कुणाचं वासरू गेलं, पाणवठ्यावर पाऊल केवढं होतं. अर्धा तास मी फक्त ऐकत होतो. 'क' त्या दिवशी सगळ्यांना आला.

आपली भाषा पोरांच्या तोंडून जाऊ नये असं वाटणाऱ्या शिक्षकांसाठी, शिकलेल्या तरुणांसाठी आणि ग्रामसभेतल्या माणसांसाठी हा लेख आहे. उदाहरण कोरकूचं घेतलंय, कारण ती मी जवळून पाहिली. गोंडी, कोलामी, माडिया, वारली, कातकरी, पावरी यांनाही हीच वाट थोड्या फरकाने चालेल. एक गोष्ट मात्र पुन्हापुन्हा सांगणार आहे: जे गोळा कराल ते त्याच वर्षी पोरांच्या कानावर आणि हातात परत आलं पाहिजे. कपाटात गेलेला शब्दकोश आणि सर्व्हरवर पडून राहिलेलं रेकॉर्डिंग यांनी भाषा जगत नाही.

आधी भाषेची तब्येत बघा

2011 च्या जनगणनेत कोरकू भाषा सांगणारे 7,27,133 लोक होते, बहुतेक महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशातले. कोरकू मुंडा कुळातली. तिचं नातं मराठीशी नाही आणि शेजारच्या गोंडीशीही नाही, ते दूर झारखंड-ओडिशातल्या संथाली-मुंडारीशी आहे. वाघाला संथालीत 'कुल' म्हणतात. दहाला दोन्हींत 'गेल'.

सात लाख ऐकून निर्धास्त व्हायला होतं. पण भाषा आकड्यावर टिकत नाही, घराघरात टिकते. मेळघाटाजवळच बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद तालुक्यात निहाली बोलणारी गावं आहेत. या भाषेचं जगातल्या कुठल्याच भाषाकुळाशी नातं सिद्ध झालेलं नाही आणि बोलणारे उरलेत जेमतेम दोन-अडीच हजार. जनगणनेच्या भाषायादीत दहा हजारांखालच्या भाषा वेगळ्या दाखवतच नाहीत, त्यामुळे निहाली तिथे सापडत नाही.

म्हणून पहिलं काम गावातल्या तीस-चाळीस घरांत जायचं. "तुमची भाषा कोणती?" असं विचारू नका, उत्तर ठरलेलं असतं. हे विचारा आणि त्याहून जास्त, बघा:

- आजी नातवाशी कशात बोलते, आणि नातू उत्तर कशात देतो?
- भावंडं आपापसात खेळताना कशात भांडतात?
- आई रागावते कशात?
- बाजारात पैसे मोजताना आकडे कुठले?
- फोनवर नावं कुठल्या भाषेत साठवलीत?
- देवापुढे काय बोलतात?

आजी कोरकूत बोलते आणि नातू हिंदीत किंवा मराठीत उत्तर देतो अशी घरं निम्म्याहून जास्त निघाली, तर तुमचं पहिलं काम अंगणवाडीत आहे, शब्दकोशात नाही. पोरं आपापसात अजून कोरकूत भांडत असतील तर पाया मजबूत आहे, मग शाळेपासून सुरुवात करा. न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांनी 1982 मध्ये 'कोहांगा रेओ', म्हणजे भाषेची घरटी, सुरू केली. आजी-आजोबा आणि अगदी लहान पोरं दिवसभर फक्त माओरीत एकत्र. आई-बापांच्या पिढीतच भाषा तुटली होती, म्हणून त्यांना ती पिढी ओलांडून जावं लागलं. मेळघाटात बहुतेक गावांत आई अजून कोरकू बोलते. माओरींची ती अवस्था आपल्यावर यायच्या आत हालचाल करायची आहे.

गावाला विचारल्याशिवाय रेकॉर्डर काढू नका

ग्रामसभेत विषय मांडा. काय गोळा करणार, कुठे ठेवणार, कोण ऐकणार, त्यातून कुणी पैसे करणार का, हे त्यांच्याच भाषेत सांगा. ठरावाची प्रत घ्या. मग प्रत्येक बोलणाऱ्या माणसाची संमती वेगळी घ्या. कागदावरच्या अंगठ्यापेक्षा रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला त्याच्याच आवाजात "मी हे सांगतोय, हे शाळेत वापरायला माझी हरकत नाही" असं आलेलं बरं.

काही गोष्टी बाहेर जायच्याच नसतात. भुमकाचे (गावच्या पुजारी-वैदूचे) मंत्र, मयताच्या विधीतली गाणी, औषधाच्या मुळ्या कशा उगाळायच्या हे ज्ञान. माझा नियम साधा आहे: वनस्पतीचं नाव शब्दकोशात घ्यायचं, तिचा काढा कसा करायचा ते गावाने ठरवल्याशिवाय घ्यायचं नाही. एकदा इंटरनेटवर गेलेलं परत आणता येत नाही.

आधी कुणी काय केलंय ते शोधा

यात एक आठवडा घाला. इंग्रजांच्या काळात जॉर्ज ग्रियर्सनने केलेल्या भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात मुंडा आणि द्राविडी भाषा आहेत, म्हणजे कोरकू आणि गोंडी दोन्हींचे शंभर वर्षांपूर्वीचे नमुने तिथे मिळतात. भाषा-अभ्यासक गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड मराठीत आहे. पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि म्हैसूरची भारतीय भाषा संस्था या दोन ठिकाणी पत्र पाठवून विचारा. निहालीसारखी दहा हजारांच्या आतली भाषा असेल तर म्हैसूरच्या संस्थेकडे 2013 पासून अशा भाषांसाठी वेगळी योजना आहे.

एक अडचण हमखास येते. जुन्या पुस्तिका श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. फाइल उघडली की अगम्य रोमन अक्षरं दिसतात. फेकू नका. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीत, बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात. बदलल्यावर मात्र ओळन् ओळ मूळ छापील प्रतीशी ताडून घ्या, कारण जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात.

आवाज गोळा करणं

मेळघाटात याची वेळ होळीनंतरची. दिवाळीनंतर माणसं सोंगणीला, वीटभट्टीवर, बाहेरच्या जिल्ह्यांत कामाला जातात. होळीला मात्र सगळे गावी परततात, कारण वर्षाचा मोठा सण तोच. गाणी तेव्हाच सुचतात आणि सांगणाऱ्यांना सवडही असते. पावसाळ्यात कामच काढू नका. पत्र्यावर पाऊस पडायला लागला की आवाज गेलाच.

यंत्र म्हणून चांगला फोन पुरतो, त्याला कॉलरला लावायचा एक साधा माइक घ्या. रेकॉर्डिंगचं ॲप असं निवडा की फाइल 'वेव्ह' प्रकारात साठवता येईल. 48 किलोहर्ट्झ, 16 बिट, मोनो. मिनिटाला साधारण सहा एमबी आणि तासाला साडेतीनशे एमबी जागा लागते. एमपी3 लहान होते खरी, पण शब्दाच्या शेवटचे बारीक आवाज त्यात दबतात, आणि कोरकूसारख्या भाषेत ते महत्त्वाचे. व्हॉट्सॲपवर आवाज पाठवायचाच असेल तर व्हॉइस मेसेज नको, फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा, म्हणजे दाबली जात नाही.

खोली छोटी घ्या, भिंतीवर एक-दोन गोधड्या टांगा. पंखा बंद करा, कोंबड्या बाहेर काढा, पिठाची गिरणी कधी चालते ते आधी विचारून ठेवा. माइक तोंडापासून वीतभर. सुरुवातीला तारीख, गाव, नाव, वय, माहेर कुठलं हे बोलून घ्या. माहेर विसरू नका, कारण धारणीकडची सून चिखलदऱ्याकडे आली की शब्द तिच्याबरोबर येतात.

आजीला "एखादी गोष्ट सांगा" म्हणू नका. ती अवघडते आणि पाठ केल्यासारखं बोलते. तिच्यासमोर तिची नातवंडं बसवा आणि गोष्ट त्यांना सांगू द्या. पोरं मध्ये प्रश्न विचारतात, ती हसते, रागावते, मोहाच्या फुलांवरून विषय भलतीकडे जातो. खरी भाषा तिथेच असते.

फाइलला त्याच दिवशी नाव द्या: तारीख, गाव, माणसाचं नाव किंवा खूण, विषय. तीन प्रती: एक लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर दुसऱ्याच्या घरी, एक ढगात, म्हणजे ऑनलाइन साठवणीत. हे मी उशिरा शिकलो. पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्या गायिकेची अख्खी रात्रभराची गाणी एकाच फोनवर ठेवली. जुलैत नाला ओलांडताना फोन पाण्यात गेला. दिवाळीपर्यंत ती आजीही गेली. ती गाणी आता कुणालाच पूर्ण येत नाहीत.

आवाजाखाली ओळीओळीने मजकूर लिहायला 'ईलान' हे मोफत सॉफ्टवेअर उत्तम. तासाभराच्या बोलण्याला लिहून काढायला वीस-तीस तास लागतील असं धरून चाला. म्हणून सगळं लिहायच्या मागे लागू नका. पोरांना ज्या गोष्टी आवडल्या त्या आधी.

शब्द: यादी नको, विषय घ्या

बहुतेक जण मराठी शब्दांची यादी घेऊन बसतात. टेबलाला काय म्हणता, खुर्चीला काय म्हणता. यातून मराठीत आहेत तेवढेच शब्द मिळतात. कोरकूत आहेत आणि मराठीत नाहीत ते तसेच राहून जातात.

त्याऐवजी विषय घ्या. भाषाशास्त्रज्ञांनी यासाठी सतराशेहून जास्त विषयांची प्रश्नावली तयार केलेली आहे, ती मोफत मिळते. चार जणांचा गट: एक विचारणारा, दोन जाणती माणसं, एक लिहिणारा. विषय समजा 'पाणी'. पाणी कुठून येतं, कसं वाहतं, कसं साठतं, गढूळ झालं तर काय म्हणतात, गुडघाभर असलं तर, दगडावरून पडताना कसला आवाज करतं? दहा मिनिटांत पन्नास शब्द येतात आणि म्हातारी माणसं एकमेकांना शब्द आठवून द्यायला लागतात. "हा शब्द माझी आजी म्हणायची" असं कुणी म्हणालं की लिहिणाऱ्याने सावध व्हावं, कारण तो शब्द तिथेच शेवटचा ऐकू आलेला असू शकतो. अशा कार्यशाळांत काही भाषांचे दोन आठवड्यांत दहा हजारांवर शब्द गोळा झालेले आहेत.

व्याकरणाकडेही लक्ष असू द्या. कोरकूत एका माणसाला 'कोरो', अनेकांना 'कोरोकू', समाजाचं नाव त्यातूनच आलं. आणि बरोबर दोघेच असतील तर त्यासाठी वेगळं रूप आहे, संस्कृतातल्या द्विवचनासारखं. 'आम्ही' आणि 'आपण' हा फरक आपल्या मराठीत आहे तसा कोरकूतही आहे, वर तिथे 'आपण दोघं' आणि 'आपण सगळे' हेही वेगळं पडतं. नुसते शब्द गोळा केले तर हे निसटतं. म्हणून प्रत्येक शब्दासोबत बोलणाऱ्याने स्वतःहून केलेलं एक वाक्य घ्यायचंच.

सुरुवातीला साधी एक्सेल फाइल पुरे. रकाने: शब्द, मराठी अर्थ, हिंदी अर्थ (बैतूल-खंडव्याकडचे कोरकू हिंदी वाचतात), वाक्य, कुणी सांगितला, गाव, आवाजाची फाइल. हजार शब्द झाले की 'फील्डवर्क्स' या मोफत शब्दकोश-सॉफ्टवेअरमध्ये हलवा.

लिपी आणि लेखन

यावर भांडणं होतात, आणि त्यात वर्षं जातात. गोंडीसाठी मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी 1918 मध्ये लिपी तयार केली, ती 2017 मध्ये युनिकोडमध्ये आली. गुंजाला गोंडी 2018 मध्ये आली. संथालीची ओल चिकी पंडित रघुनाथ मुर्मू यांनी 1925 मध्ये घडवली, ती 2008 पासून युनिकोडमध्ये आहे. स्वतःची लिपी हा स्वाभिमानाचा प्रश्न असतो आणि तो निर्णय समाजाचाच. शिक्षक म्हणून माझं मत एवढंच, की पहिलीच्या वर्गासाठी कोरकू देवनागरीत लिहावी. तीच अक्षरं मूल पुढे मराठीत आणि हिंदीत वापरतं, एकाच मेहनतीत तिन्ही भाषांचं दार उघडतं.

देवनागरीत लिहिताना खरी अडचण मुंडा भाषांच्या आवाजांची येते. शब्दाच्या शेवटी श्वास मध्येच अडवल्यासारखा थांबतो. हे कसं दाखवायचं? कुणी विसर्ग लावतं, कुणी हलन्त, कुणी काहीच नाही. युनिकोडच्या देवनागरीत यासाठी 'ॽ' हे अक्षर आहे, नेपाळमधल्या लिंबू भाषेसाठी आणलेलं. घेता येईल, पण आधी गावातल्या दहा स्वस्त फोनांवर ते दिसतं का ते बघा. चौकोन दिसला तर कुणी वापरणार नाही.

नियम दोन पानांत बसवा. मग कार्यशाळेत नसलेल्या माणसाला तो मजकूर मोठ्याने वाचायला द्या, तीन वेगळ्या गावांत. जिथे तो अडखळतो तिथे खूण करा. अडखळणं तिन्हीकडे एकाच जागी आलं तर नियम बदला. धारणीकडचा आणि चिखलदऱ्याकडचा शब्द वेगळा असेल तर दोन्ही लिहा, गावाच्या नावासह. एकाला शुद्ध ठरवलं की दुसरं गाव काम सोडून जातं.

पुस्तकं

पहिली पुस्तकं भाषांतर करू नका. गावातच घडलेल्या गोष्टी घ्या: मोह वेचायला गेलेली मुलगी, अस्वल, बाजाराच्या दिवशी हरवलेली शेळी. सोळा पानं, एका पानावर एक वाक्य, चित्रं पोरांनीच काढलेली. चार ए-फोर कागद मध्ये दुमडून दोन टाचण्या मारल्या की पुस्तक झालं, छपाई काळी-पांढरी. 'ब्लूम' नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पानांची जुळणी आपोआप होते आणि तीच गोष्ट आवाजासकट फोनवरही जाते. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीविव्हर'वर मुक्त परवान्याची चित्रं आणि गोष्टी मिळतात, आपली पुस्तकंही तिथे चढवता येतात. पुस्तकावर गोष्ट सांगणाऱ्या आजीचं नाव, तिच्या परवानगीने, ठळक छापा.

वर्ग

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

अनुताई वाघ आणि ताराबाई मोडक यांनी डहाणूच्या भागात गुरं वळणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा चालवली. पोरं शाळेत येत नाहीत तर शाळा कुरणात गेली. भाषेचंही तसंच करायचं. मुलाकडे पाच-सहा वर्षांत कमावलेली एक पूर्ण भाषा आहे, शाळेने तिथे जाऊन सुरुवात करायची. ओडिशाने 2006-07 पासून दहा आदिवासी भाषांत प्राथमिक वर्ग सुरू केले आणि पुढे त्या भाषा एकवीस झाल्या. हे होण्यासारखं आहे, दुसऱ्या राज्यात झालंय.

माझ्या वर्गात बसलेलं वेळापत्रक असं:

जून ते ऑगस्ट फक्त बोलणं. गोष्टी, गाणी, मोजणी, सगळं कोरकूत. मिया, बारिया, आफय म्हणत चिंचोके मोजायचे. शिक्षकाला भाषा येत नसेल तर अंगणवाडीच्या ताई, मोठ्या वर्गातली मुलं किंवा रोज एक आजी वर्गात आणा. शिक्षकाने पोरांसमोरच शिकायचं. मी चुकीचा उच्चार केला की वर्ग दुरुस्त करतो, आणि त्या दिवशी सगळ्यात गप्प मुलगाही बोलतो.

पोळ्यानंतर अक्षरं, पण पोरांच्या शब्दांतून. क कुलाचा, उ उराचा (उरा म्हणजे घर). रोजच्या गप्पांतलं एक वाक्य मूल सांगतं, मी फळ्यावर लिहितो, सगळे वाचतात. आदल्या दिवशीचं वाक्य कापून शब्दांच्या पट्ट्या करतो, ते पुन्हा जुळवतात.

मराठीची सुरुवात पहिल्या दिवसापासून, पण वेगळ्या अर्ध्या तासात आणि तोंडी. ऊठ, बस, दार उघड, दगड उचल. कृती केली की अर्थ कळतो, भाषांतर लागत नाही. दुसरीच्या सुरुवातीला मराठी वाचन येतं. तोवर मूल कोरकू वाचायला लागलेलं असतं, वाचन म्हणजे काय हे त्याला कळलेलं असतं. अक्षरं तीच, फक्त शब्द नवे. मुलाने दोन्ही भाषा एका वाक्यात मिसळल्या तर टोकू नका. वऱ्हाडी बोलणारा पोरगा म्हणून मला शाळेत असंच टोकलं गेलं होतं, त्यानंतर दोन वर्षं मी वर्गात हात वर केला नाही.

खरी परीक्षा पालकसभेत होते. "गुरुजी, कोरकू तर घरी येतेच. शाळेत मराठी शिकवा, इंग्रजी शिकवा." ही शंका रास्त आहे, तिला भाषणाने उत्तर देऊ नका. जानेवारीत पालकांना वर्गात बसवा. एका मुलाला कोरकू पुस्तक वाचू द्या आणि लगेच न पाहिलेला मराठी उतारा द्या. तो अडखळत का होईना वाचतो आणि अर्थ सांगतो, हे बापाने स्वतः पाहिलं की प्रश्न बदलतो. आणि त्यांना वचन द्या की मराठीत पोरगं मागे राहणार नाही. ते वचन पाळता येईल इतकी मराठी रोज खरोखर शिकवा.

वरिष्ठांनी विचारलं तर कायदा तुमच्या बाजूने आहे. संविधानाच्या कलम 350-अ मध्ये प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयीची तरतूद आहे, शिक्षण हक्क कायदा 2009 चं कलम 29 शक्य तेथे मातृभाषेचं माध्यम सांगतं आणि 2020 चं राष्ट्रीय शिक्षण धोरण किमान पाचवीपर्यंत तेच म्हणतं. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये गोंडी माध्यमाची शाळा स्वतःच उभी केली. पुस्तकांच्या छपाईसाठी पेसा गावांतल्या (आदिवासी क्षेत्रांसाठीचा वेगळा पंचायत कायदा लागू असलेल्या गावांतल्या) पाच टक्के थेट निधीचा विचार ग्रामसभेत मांडा, त्यात शिक्षण हा विषय बसतो.

फोन

तरुण पोरं इथे येतात, म्हणून हे काम त्यांच्याच हाती द्या.

सगळ्यात आधी कीबोर्ड. कोरकू देवनागरीत लिहायला मराठी कीबोर्ड चालतो, पण फोन शब्द 'सुधारतो'. तुम्ही लिहिता 'कुला', तो दुसराच मराठी शब्द पुढे करतो. सेटिंगमध्ये जाऊन आपोआप सुधारणा बंद करा आणि आपले शब्द वैयक्तिक शब्दकोशात घाला. 'ॽ'सारखं अक्षर किंवा वेगळी लिपी हवी असेल तर 'कीमॅन' या मुक्त साधनाने स्वतःचा कीबोर्ड बनवता येतो. संगणकावर बऱ्यापैकी हात असलेल्या मुलाला आठवडा लागतो.

मग शब्दकोशाचं ॲप. 'डिक्शनरी ॲप बिल्डर' तुमच्या नोंदी, आवाज आणि चित्रं घेऊन अँड्रॉइडचं ॲप तयार करतं. ते नेटशिवाय चाललंच पाहिजे, कारण पावसाळ्यात कित्येक गावांत नेटवर्क नसतं. फाइल ब्लूटूथने किंवा मेमरी कार्डवरून द्या. बाजाराच्या दिवशी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ठेवली तर ती शाळेपेक्षा वेगाने पसरते. शब्द दाबला की आजीचा आवाज येतो, पोरं त्यासाठीच ॲप उघडतात.

गावाचा व्हॉट्सॲप गट असेलच. त्यावर रोज एक कोरकू व्हॉइस मेसेज, एका घराची पाळी: पाऊस, बाजारभाव, कुणाचं लग्न. कामाला बाहेर गेलेली माणसंही यामुळे जोडलेली राहतात, आणि वीटभट्टीवरच्या पोराच्या कानावर घरची भाषा पडते.

विकिपीडिया नंतर. नव्या भाषेचा विकिपीडिया आधी 'इन्क्युबेटर'मध्ये वाढतो, पुरेसे नेमाने लिहिणारे जमले की वेगळा होतो. गोव्याची कोंकणी 2006 पासून इन्क्युबेटरमध्ये होती, 2015 मध्ये स्वतंत्र झाली. गोवा विद्यापीठाने कोंकणी विश्वकोश मुक्त परवान्याखाली दिल्याचा त्यात मोठा हातभार. संथालीचा विकिपीडिया 2018 मध्ये आला. तेव्हा घाई नको. इथे भाषा न येणाऱ्या उत्साही माणसापासून सावध राहा. 2020 मध्ये स्कॉटलंडमधल्या स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियावर उघड झालं की हजारो लेख एका अमेरिकन मुलाने ती भाषा येत नसताना लिहिले होते.

यंत्राच्या भाषांतराचंही तेच. 2024 मध्ये गूगल ट्रान्सलेटमध्ये संथाली आली, 2025 मध्ये जनजातीय कार्य मंत्रालयाने 'आदि वाणी' हे ॲप संथाली, भिली, मुंडारी आणि गोंडीसाठी आणलं. कोरकूसाठी उद्या कुणी मजकूर मागायला येईल. द्यायचा की नाही, कुठल्या अटीवर, हे ग्रामसभेने ठरवावं. आणि यंत्राने दिलेलं एकही वाक्य दोन जाणत्या माणसांनी वाचल्याशिवाय पुस्तकात घालू नका. पहिलीतलं मूल छापलेलं सगळं खरं मानतं.

वर्षभराने

पुढच्या होळीला त्याच तीस-चाळीस घरांत तेच प्रश्न घेऊन परत जा. नातू उत्तर कशात देतो? फोनमध्ये नावं कशी साठवलीत? ॲप किती जणांनी घेतलं हा आकडा बघू नका, पोरं खेळताना कशात भांडतात ते बघा. कुठल्या घरात भाषा मागे गेली असेल तर तिथे बसून कारण विचारा, आणि पुढच्या वर्षी त्याच घरातल्या आजीला वर्गात बोलवा. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत नवीन पुस्तकांचे कागद, टाचण्या आणि दोन जास्तीची मेमरी कार्डं घेऊन ठेवा. पाऊस लागला की नाला ओलांडून परतवाड्याला जाणं होत नाही.